गोदामातलं सूचिपर्णी रान

भिवंडीत सूचिपर्णी झाडांची विविधता बघायची तर डोंगराची वाट धरू नये. मानकोली, दापोडे, वळ, पूर्णा या गोदामांच्या पट्ट्यात शिरावं. इथल्या दमट, उकाड्याच्या हवेत पाइन आणि स्प्रूस तग धरत नाहीत, पण त्यांच्या फळ्या मात्र रोज ट्रकमधून उतरतात. खोक्यांच्या थप्प्या ज्यावर चढतात ती पॅलेटं बहुधा याच लाकडाची. या पांढुरक्या फळीला आपल्याकडे सरसकट 'देवदार' म्हणायची रीत आहे. नाव काही असो, फळीची करवतलेली कड उजेडात धरली की एका प्राचीन वृक्षकुळाची कारागिरी दिसू लागते.

सुरुवात शिक्क्यापासून करावी. ठोकळ्यावर डाग दिल्यासारखी गव्हाची लोंबी असते, शेजारी देशाची दोन अक्षरं, उत्पादकाचा क्रमांक आणि 'एचटी'. लाकडाच्या गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअस उष्णता सलग 30 मिनिटं पोचवली, असा त्याचा दाखला. लाकडातून भुंगेरे आणि सूत्रकृमी देशोदेशी फिरू नयेत म्हणून 2002 साली आयएसपीएम 15 हा नियम आला. सहज निसटणारी खुबी अशी, की ती दोन अक्षरं लाकूड कुठे तापवलं ते सांगतात, झाड कुठे वाढलं ते नव्हे. न्यूझीलंडचा ओंडका कांडला बंदरात उतरून इथेच चिरला आणि तापवला गेला, तर शिक्का भारताचाच. जन्मगाव विचारायचं तर शिक्का सोडून लाकडाकडेच जावं लागतं, आणि लाकूड ते मोकळेपणाने सांगतं.

कड जरा ओली करा, वलयं उठून दिसतील. प्रत्येक वलयाचे दोन भाग: आधी फिकट, सैल लाकूड, मग गडद, घट्ट पट्टा. पट्टे एकमेकांपासून बोटभर लांब असतील तर ते झाड भराभर वाढवलेलं, बहुधा रेडिएटा पाइन. या झाडाचं माहेर म्हणजे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या तीन चिंचोळ्या जागा आणि मेक्सिकोची दोन बेटं, एवढंच. न्यूझीलंडच्या लागवडीत मात्र ते पंचविशी-तिशीतच तोडणीला येतं. तिकडचे ऋतू उलटे, त्यामुळे इथे उन्हाळा तापत असतो तेव्हा तिथे शरद उतरलेला असतो आणि झाड आपला गडद पट्टा भरत असतं. थंड मुलखातल्या स्प्रूसची वलयं दाटीची, आणि फिकटाचं गडद होणं इतकं हळुवार की सीमारेषा नेमकी कुठे ते बोट ठेवून सांगता येत नाही. दोन्ही फळ्या शेजारी ठेवल्या की दोन हवामानं शेजारी बसल्यासारखी वाटतात.

आता जे नाही ते बघा. सागाच्या फळीच्या कडेवर वलयारंभीची छिद्रं नुसत्या डोळ्यांनाही दिसतात. त्या पाणी वाहणाऱ्या रुंद नळ्या. पाइनमध्ये तशी छिद्रं नाहीत. त्याच्या लाकडाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग एकाच प्रकारच्या पेशींचा असतो: तीन-चार मिलिमीटर लांब, दोन्ही टोकांना मिटलेल्या ट्रॅकीड. झाडाला उभं धरणं आणि पाणी चढवणं, दोन्ही कामं त्यांच्याकडेच. पाणी एका पेशीतून दुसरीत जातं ते भिंतीतल्या बारीक खाचांमधून. प्रत्येक खाचेच्या पडद्यावर मधोमध एक जाड चकती असते. एखाद्या पेशीत हवा शिरली की पडदा सरकतो आणि चकती तोंड बंद करते. बिघाड जिथल्या तिथे थांबतो. एवढ्याशा साहित्यावर याच कुळातला कॅलिफोर्नियाचा रेडवूड 115 मीटरच्या वर गेला आहे. थोड्या सुरांत मोठा राग उभा करणं म्हणतात ते हेच.

कडेवर गडद पट्ट्याच्या आसपास बारीक फिकट ठिपके दिसतील. त्या राळेच्या वाहिन्या. पाइनमध्ये त्या ठसठशीत आणि सुट्या, स्प्रूसमध्ये बारीक आणि कधी दोन-तीन शेजारी-शेजारी. खऱ्या देवदारात मात्र त्या एरवी नसतातच, जखम झाली तर तेवढ्यापुरत्या रांगेने उमटतात. म्हणून ताज्या चिरलेल्या पाइनला टर्पेंटाइनचा झणका, तर देवदाराला त्याच्या तेलाचा खोल, कोरडा सुवास. डोळे मिटूनही जात ओळखावी, अशी ही सोय.

सुतार गाठ टाळतो, रसिकाने मात्र तिथेच थांबावं. पाइनच्या फांद्या खोडाभोवती चक्राने फुटतात, म्हणून गाठीही घोळक्याने येतात. मधली फळी स्वच्छ, मग पुन्हा घोळका. कधी वलयांचं केंद्र एका बाजूला सरकलेलं असतं आणि रुंद बाजूला तांबूस, टणक लाकूड दिसतं. ते खोड उतारावर नाहीतर वाऱ्याने कललेलं होतं. रुंदपर्णी झाडं अशा वेळी बहुधा वरच्या अंगाने ओढून धरतात. सूचिपर्णी खालच्या अंगाला लाकूड भरून स्वतःला वर रेटतात. सावरण्याची ती सगळी धडपड फळीच्या त्या तांबूस कोरेत उतरलेली असते.

सूचिपर्णी झाडं ज्या उघड्या बियांच्या मोठ्या कुळात मोडतात, त्याची जिवंत मंडळी बंगल्यांच्या आवारात आणि रोपवाटिकांत भेटतात. वहीत ठेवली की विद्या येते अशी आपली बालपणीची श्रद्धा, ती मोरपंखी त्यातलीच. तिची डहाळी चपटी, पण आडवी न पसरता उभी राहते, म्हणून दोन्ही अंगं सारखीच हिरवी. पानं म्हणजे चार रांगांत चिकटलेले खवले. कोवळा शंकू निळसर, मांसल, आणि प्रत्येक खवल्याला मागे वळलेलं इवलंसं शिंग. ते शिंग एकदा पाहिलं की मोरपंखीला नुसतं कुंपणाचं झाड म्हणवत नाही.

'ख्रिसमस ट्री' म्हणून कुंडीत विकलं जाणारं झाड म्हणजे अरौकारिया, पाइन नव्हे; दक्षिण गोलार्धातल्या एका वेगळ्या घराण्यातलं. त्यातली न्यू कॅलेडोनियाची कुक पाइन ही जात विषुववृत्ताकडे झुकते, उत्तर गोलार्धात दक्षिणेला आणि दक्षिण गोलार्धात उत्तरेला. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वेगवेगळ्या खंडांवर हाच कल सापडला. आवारातल्या उंच अरौकारियाचं खोड थोडं तिरकं दिसलं तर माळ्याला बोल लावण्याआधी दक्षिण कुठे ते बघावं.

सायकसला लोक ताड समजतात. त्याची नवी पानं एकदम, एका झुबक्याने उगवतात आणि कोवळेपणी पर्णिका नेच्यासारख्या गुंडाळलेल्या असतात. नेच्याशी नातं आणखी एका ठिकाणी उरलं आहे: सायकसचे पुंबीज शेपट्या हलवत पोहत बीजांडातल्या अंडपेशीकडे जातात. जपानच्या इकेनो यांनी 1896 मध्ये ते पाहिले. कार्यालयाच्या दारातल्या शोभेच्या कुंडीत समुद्राची आठवण जपणारं झाड उभं असतं.

आणि आपल्या सह्याद्रीचा अस्सल वाटेकरी म्हणजे उंबळी. खंडाळा, महाबळेश्वरच्या सदाहरित रानातली ही दांडगी वेल. सांधे फुगलेले, पानं रुंद, समोरासमोर, शिरांचं जाळं असलेली. कुणीही तिला फुलझाडांतच गणेल. तिच्या लाकडात तर पाइनने नाकारलेल्या त्या रुंद नळ्याही आहेत. तिचं पिकलेलं लालसर 'फळ' मात्र फळ नव्हेच. मांसल आवरणातलं ते बीच आहे, पाइनच्या खवल्यावर असतं तितकंच उघडं. जगभर जेमतेम हजारेक जातींचं हे उघड्या बियांचं कुळ. पण त्याचा आवाका समजायचा तर भिवंडीची फळी आणि खंडाळ्याची वेल जोडीने वाचावी. लाकडाचा जो नियम एकीने काटेकोर पाळला तो दुसरीने खुशाल मोडला, आणि तरी बिजाच्या बाबतीत दोघी एकाच घराण्याच्या राहिल्या.