एका क्रियापदाची परीक्षा

राज्यघटनेचे परीक्षण वाङ्मयाच्या मासिकात कशाला, असा प्रश्न एखादा वाचक करील. परंतु ज्या ग्रंथातील शब्दाशब्दावर कोट्यवधी लोकांचे हिताहित अवलंबून आहे, त्याची भाषा पारखणे हेही टीकाकाराचेच काम होय.

1992 साली संसदेने संमत केलेल्या त्र्याहत्तराव्या व चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्त्यांनी ग्रामपंचायतींस व नगरपालिकांस घटनेत स्थान दिले. पहिल्यांसाठी 29 आणि दुसऱ्यांसाठी 18 विषयांची यादी जोडली. याद्या भरघोस आहेत. पण वाक्याचा प्राण क्रियापदात असतो. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक व्हावी, हे सांगताना इंग्रजी मसुदा ‘शॅल’ हे आज्ञावाचक पद योजतो. अधिकार देण्याची वेळ येताच मात्र ‘मे’ म्हणतो. स्थानिक स्वराज्य हा राज्यांचा विषय असल्यामुळे संसदेस हा संकोच पडला असेल. तथापि परिणाम असा की, घर बांधून दिले आणि किल्ली राज्य सरकारच्या कनवटीला राहिली.

याचा अर्थ पाहण्यास आमच्या इतवारीबाहेर जावयास नको. येथील धान्य, किराणा व कापडाच्या व्यापारातून नागपूर नगरीस पूर्वी जकात मिळे. एप्रिल 2013 पासून जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला. ऑगस्ट 2015 मध्ये तोही बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाला. जुलै 2017 मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर राज्याकडून भरपाईची रक्कम सुरू झाली. नाक्यावरचा जाच गेला, हे इष्टच झाले. परंतु मिळवता पुरुष दुसऱ्याकडून हातखर्च घेऊ लागला, म्हणजे घरात त्याच्या शब्दाचे वजन किती उरते, हे सांगणे नलगे.

‘शॅल’चीही गत फारशी बरी नाही. नागपूर महानगरपालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. पुढे तीन वर्षांहून अधिक काळ कारभार सरकारनियुक्त प्रशासकाकडे होता. आरक्षणाचा वाद न्यायालयात होता, ही सबब खोटी नव्हे. पण तेवढा काळ नळ आटल्यास ज्याचे दार ठोठवावे, असा निवडलेला नगरसेवक नागरिकास नव्हता.

म्हणून आमच्या मते दुरुस्ती हवी ती क्रियापदात: विषयाबरोबर कर दिलाच पाहिजे, आणि कराबरोबर हिशेबाचे दायित्वही. स्थानिक मंडळी अधिकाराचा दुरुपयोग करतील, असे भय कित्येक शहाणे दाखवितात. परकीय सरकारही आपल्याविषयी हेच म्हणत असे. तेव्हा आपण ते मानले नाही.