कचऱ्याचे वस्त्र आणि त्याचा रस

पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघाले म्हणजे लोणी काळभोरच्या अलीकडे मुळा-मुठेच्या काठी कवडीपाट लागते. हिवाळ्यात तेथे चक्रवाक उतरतात, शेकाटे आपल्या लांब तांबड्या पायांनी उथळ पाण्यात हिंडतात आणि पक्षिप्रेमी मंडळी पहाटेपासून दुर्बिणी लावून बसतात. परंतु त्याच पाण्यावर शहरातून वाहून आलेल्या पिशव्या, बाटल्या व थर्मोकोलचे तुकडे तरंगत असतात, आणि पूर ओसरला की काठच्या फांद्यांवर पिशव्यांच्या चिंध्या लोंबू लागतात. पुढे लोणीस, राज कपूर यांच्या जुन्या राजबागेत, आज एमआयटीचे विद्यापीठ असून तेथे वस्त्रांची व वस्तूंची रचना शिकविली जाते. हा शेजार ध्यानात आला म्हणजे एक प्रश्न सहजच मनात येतो. प्लॅस्टिकच्या कचऱ्यातून पोशाख करून वन्यजीवांचे दुःख लोकांपुढे मांडण्याची जी कला अलीकडे उदयास आली आहे, तिची परीक्षा कोणत्या कसोटीने करावयाची?

या कलेचा पसारा लहान नाही. न्यूझीलंडमधील नेल्सन येथे 1987 साली सूझी मॉन्क्रीफ यांनी अंगावर घालावयाच्या कलाकृतींची स्पर्धा सुरू केली. तेथे वस्त्र कशाचे करावे यास बंधन नव्हते. मरिना डेब्री या टोपणनावाने काम करणाऱ्या कलावतीने तर समुद्रकिनाऱ्यावर वाहून आलेला कचरा वेचून त्याचेच झगे केले. आता शाळा-महाविद्यालयांच्या संमेलनांतूनही असे पोशाख दिसू लागले आहेत, आणि त्यांस टाळ्याही भरपूर पडतात.

आमची शंका या टाळ्यांविषयीच आहे. भरताने बीभत्स रसापासून भयानकाची उत्पत्ती सांगितली आहे. कचऱ्याच्या वस्त्राचा खरा रस हाच असावयास हवा: प्रथम किळस, मग भय, आणि अखेर मुक्या प्राण्यांविषयी करुणा. प्रत्यक्षात बहुतेक कलावंत अद्भुतापाशीच थांबतात. "अगबाई, हे दुधाच्या पिशव्यांचे आहे होय!" असे उद्गार निघाले की रचना सफल झाली असे ते समजतात. कचरा इतका धुतला, कातरला व चमकविला जातो की तो रेशमासारखा दिसतो; आणि तो रेशमासारखा दिसू लागला की जे सांगावयाचे होते तेच पुसले जाते. त्यातही वस्त्रासाठी नवीकोरी पिशवी विकत आणली असेल, तर नदीत जाणाऱ्या राशीत आणखी एकीची भर पडली, एवढेच तिचे फळ.

याच्या उलट उदाहरण ख्रिस जॉर्डन या छायाचित्रकाराचे. 2009 सालापासून त्याने पॅसिफिक महासागरातील मिडवे बेटावर मेलेल्या आल्बट्रॉस पिलांची चित्रे घेतली. आईबापांनी अन्न समजून भरविलेली झाकणे व तुकडे त्या कुजलेल्या पोटांत जसेच्या तसे दिसतात. कलावंताने त्यांत काही मांडले नाही, काही सजविले नाही, आणि म्हणूनच ते चित्र विसरता येत नाही. वस्त्रकारास हा मार्ग सर्वस्वी मोकळा नाही, हे आम्ही जाणतो. वस्त्र अंगावर बसले पाहिजे. तथापि त्याच्यापाशी एक साधन असे आहे की जे छायाचित्रकारापाशी नाही. वस्त्र मनुष्याच्या शरीराला वेढते. पक्ष्याच्या पायाला जाळ्याचा धागा जसा वेढतो तसेच ते पाहणाऱ्याला भासले, चालताना अडखळविणारे, मान आवळणारे वाटले, तर त्या वस्त्राने जे केले ते शंभर व्याख्यानांनी होणार नाही.

येथे कोणी म्हणेल, टाकाऊतून टिकाऊ करणे ही तर आपली जुनीच रीत. आमच्या आज्यांनी जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवल्या. खरे आहे, परंतु गोधडीत कोणाला धक्का देण्याचा हेतू नव्हता, ऊब देण्याचा होता. त्या परंपरेचे खरे वारस पाहावयाचे तर पुण्यातच रिचरखा या संस्थेचे काम पाहावे. तेथे प्लॅस्टिकच्या पिशव्या धुऊन, वाळवून, त्यांच्या पट्ट्या कापून चरख्यावर घेतात व हातमागावर विणून रोजच्या उपयोगाच्या वस्तू करतात. त्या कामाची परीक्षा टिकाऊपणाने होते. मिरविण्याच्या पोशाखास ती कसोटी लावणे अन्यायाचे होईल. पण मग त्याने आपली स्वतःची कसोटी तरी चुकवू नये.

फडके-खांडेकरांच्या काळी कला कलेसाठी की जीवनासाठी, असा वाद रंगला होता. कचऱ्याच्या वस्त्राला त्या वादाची सवलत नाही. ते जीवनासाठी म्हणूनच जन्मले आहे, आणि कला म्हणून उणे पडले तर जीवनाच्याही उपयोगी पडत नाही. राज्यात 2018 साली व देशात 1 जुलै 2022 पासून प्लॅस्टिकच्या अनेक वस्तूंवर बंदी आली, तरी कवडीपाटचे पाणी निवळले नाही. कायद्याने जे साधले नाही ते एका झग्याने साधेल असे आम्ही म्हणत नाही. आमची अपेक्षा लहान आहे. तो झगा पाहून घरी परतलेल्या गृहिणीचा हात दुसऱ्या दिवशी भाजीवाल्याने पुढे केलेल्या पिशवीपाशी क्षणभर थबकावा. तसे घडले तर त्या कलावंतास आम्ही मनापासून दाद देऊ. आणि नुसत्याच टाळ्या पडल्या, तर त्या शिंप्याच्या कौशल्याला पडल्या, असे समजू.