कथेतली एक जागा काढून बघा

शाळेत ‘अलंकार ओळखा’ असा प्रश्न यायचा. ‘जणू’ दिसलं की उत्प्रेक्षा लिहायची, गुण घ्यायचे आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचं. कविता मागेच राहायची. कथा वाचतानाही ही सवय सुटत नाही. पाऊस आला की दुःखाचं प्रतीक, पिंजरा आला की बंधनाचं. नाव दिलं की कथा कळली असं वाटतं.

मी हल्ली वेगळा खेळ खेळतो. जी जागा ‘तंत्र’ वाटते ती मनातल्या मनात कथेतून काढायची आणि काय कोसळतं ते बघायचं. सआदत हसन मंटोची ‘टोबा टेक सिंग’ घेऊ. वाचली नसेल तर आधी वाचून या, कारण शेवट पुढे सांगितला आहे.

मंटो मुंबईत सिनेमासाठी लिहायचा. १९४८ साली तो लाहोरला गेला. कथाही लाहोरच्या वेड्यांच्या इस्पितळातली. फाळणीनंतर दोन्ही सरकारं ठरवतात की कैद्यांसारखी वेड्यांचीही अदलाबदल करायची. तिथे १५ वर्षं असलेला बिशन सिंग कधी आडवा होत नाही. उभं राहून पाय सुजलेत. तो एकच विचारत राहतो: टोबा टेक सिंग, म्हणजे त्याचं गाव, आता कुठल्या देशात आहे?

पहिली जागा निवेदकाच्या सुराची. बैठका झाल्या, तारीख ठरली, हे तो सरकारी पत्रकासारखं कोरडेपणाने सांगतो. याला आपण उपरोध म्हणतो. आता तिथे हळहळणारा निवेदक बसवून बघा. ‘काय हा वेडेपणा!’ असं तोच म्हणाला असता, तर आपल्याला म्हणायला काही उरलं नसतं. एक वेडा झाडावर चढून बसतो आणि दोन्ही देशांत राहायला नकार देतो. निवेदक त्यावर मत देत नाही. शहाणा कोण, हे मग आपल्यालाच ठरवावं लागतं.

दुसरी जागा एका अडखळण्याची. बिशन सिंगचा मुसलमान मित्र फज़लदीन भेटायला येतो. घरचे सगळे सुखरूप हिंदुस्तानात पोचले, असं सांगतो. मुलीचं, रूप कौरचं, नाव घेताना मात्र थांबतो. मग चाचरत, तीही ठीक आहे म्हणतो. तेवढंच. ते थांबणं काढा, निरोप साधा होतो. त्याऐवजी काय झालं ते लिहून टाका, तर ती एकट्या रूप कौरची हकिगत होते. फाळणीत हजारो बायका पळवल्या गेल्या, आणि कितीतरी घरांत त्यांच्याबद्दल असंच अडखळत बोललं गेलं, किंवा बोललंच गेलं नाही. मंटोने ते न बोलणंच कथेत ठेवलं.

तिसरी जागा नावाची. इस्पितळात सगळे बिशन सिंगलाच ‘टोबा टेक सिंग’ म्हणतात. सुरुवातीला हे टोपणनाव वाटतं, आपण ते सहज वाचून जातो. शेवटी वाघा सीमेवर त्याला कळतं की गाव पाकिस्तानात आहे, आणि तो हिंदुस्तानात जायला नकार देतो. पहाटे तो दोन्ही देशांच्या काटेरी तारांमधल्या बेवारस जमिनीवर कोसळतो. तिथे मंटो त्याला बिशन सिंग म्हणत नाही, गावाचं नाव देतो. तिथे बिशन सिंग घालून वाचा: एक म्हातारा सीमेवर मेला, एवढीच बातमी उरते. गावाच्या नावाने मात्र कथाभर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. गाव कुठे आहे? तो पडलाय तिथे.

हा खेळ दरवेळी लेखकाच्या बाजूने लागत नाही. काही कथांतलं प्रतीक काढलं तरी काहीच हलत नाही. ते शोभेपुरतं असतं, आणि तसं म्हणायला वाचकाने घाबरू नये. पुढच्या कथेत ‘हे प्रतीक आहे’ असं वाटलं, तर एवढं करा. ते वाक्य अंगठ्याखाली झाका आणि परिच्छेद पुन्हा वाचा.