गिरणगावाबाहेरचा कामगार

मुंबईच्या औद्योगिक जीवनावर मराठीत जे काही लिहिले गेले, त्याचा नकाशा काढायचे ठरवले तर तो भायखळ्याच्या पुलापाशी सुरू होतो आणि दादरच्या अलीकडे संपतो. लालबाग, परळ, शिवडी, वरळी, नायगाव. या पट्ट्याने मराठीला शाहिरी दिली, कविता दिली, नाटक दिले, आणि १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर शोकही दिला. पण कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत लालबहादूर शास्त्री मार्गाच्या (जुनी माणसे अजून त्याला आग्रा रोडच म्हणतात) दोन्ही अंगांना जी दुसरी औद्योगिक मुंबई उभी होती, तिला आपल्या साहित्याने जवळपास हात लावलेला नाही. मोटारी, पंखे, टायर, रंग, औषधे, तांब्या-पितळेच्या नळ्या, कपाटे, टंकलेखन यंत्रे तयार करणारी ही मुंबई. अंधेरीचे मरोळ आणि साकीनाका, बोरिवलीचे मागाठाणे यांचीही तीच गत.

याची तक्रार आम्ही केवळ राहून गेलेल्या विषयाची नोंद म्हणून करीत नाही. ज्या कामासाठी माणसे एखाद्या शहरात आली ते कामच निघून गेल्यावर ते शहर त्यांना का आवडते आणि का नकोसे होते, या प्रश्नाचे मराठीत जे उत्तर रूढ झाले आहे ते एकट्या गिरणगावाच्या अनुभवावरून बेतलेले आहे. आणि त्या उत्तरात आमच्या माणसांना जागा फार थोडी आहे.

रूढ उत्तर असे. चाळ होती म्हणून शहर आवडत होते. गणपती, भजनी मंडळ, खानावळ, व्यायामशाळा, पाळी सुटल्याचा भोंगा, एकमेकांच्या घरात उघडणारी दारे. चाळ गेली, मॉल आला, म्हणून शहर नकोसे झाले. जयंत पवार यांचे 'अधांतर' हे १९९७ सालचे नाटक मात्र इतके सोपे नाही. गिरणी बंद पडल्यावर एकाच घरातली माणसे एकमेकांना कशी ओरबाडतात हे त्यात निर्दयपणे दाखवले आहे, आणि म्हणूनच ते टिकले. पण त्याच्या मागून जे ललित लेखन आले, दिवाळी अंकांतून दरवर्षी जे येत राहिले, ते बहुतांशी स्मरणरंजन आहे. त्यात मुसलमान येतोच आला तर ईदला शीरखुर्मा पाठवण्यापुरता येतो. वाटी रिकामी झाली की त्याचे काम संपते.

नारायण सुर्वे यांच्या 'शीगवाला' मधला दाऊदचाचा असा वाटीपुरता येत नाही. तो दंग्याची आठवण सांगत येतो, आणि मुख्य म्हणजे स्वतःच्या भाषेत बोलतो. मराठीचा कणा आणि दखनीचे स्नायू असलेली ती बोली कुठल्याही व्याकरणाने मान्य केलेली नाही, पण कुर्ल्याच्या किंवा घाटकोपरच्या कुठल्याही गाळ्यात ती लेथच्या आवाजावर चढून बोलली गेली आहे. सुर्वे यांनी तिला कवितेत बसवले, हे त्यांचे मोठे काम आम्ही मानतो. नंतरच्या गद्य लेखकांनी ती पुन्हा प्रमाण करून टाकली किंवा विनोदासाठी ठेवली.

मुसलमान कामगाराच्या घराचे पुढे काय झाले, हे सांगायला एक हिंदी चित्रपट यावा लागला. सईद मिर्झा यांचा 'सलीम लंगडे पे मत रो' १९८९ सालचा. सलीमच्या गुंडगिरीची चर्चा खूप झाली, पण त्या घराचा पाया ढासळतो तो बापाची गिरणीतली नोकरी जाते तिथे, हे समीक्षकांनी कमी पाहिले. 'अधांतर' मधले घर आणि सलीमचे घर शेजारी शेजारी ठेवून पाहावे. एकाच संपाने दोन्ही घरे मोडली. मराठी समीक्षेने आजवर ती शेजारी ठेवलेली नाहीत. एक मराठी रंगभूमीच्या खात्यावर गेले, दुसरे 'मुस्लिम प्रश्ना'च्या.

उपनगरांत आल्यावर तर वहीच कोरी आहे. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी गेली. शेवटची नोंदणी २००३ सालची होती आणि २० वर्षांची मुदत संपली. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांनी जे हळवे लेख छापले ते आम्ही आवर्जून वाचले. टॅक्सीचे आसन, छताचे नक्षीदार कापड, मीटर, पावसात गळणारी काच. सगळे होते. ही गाडी कुर्ल्यात तयार होत होती, १९४४ साली स्थापन झालेल्या प्रीमियर कंपनीच्या कारखान्यात, आणि तिथे ती जोडणारे हात होते, हे त्या हळवेपणात जेमतेम एखाद्या ओळीत आले. वस्तूवर प्रेम आणि ती घडवणाऱ्याची विस्मृती, हे शहरावरच्या प्रेमाचे फार जुने रूप आहे. प्रीमियरच्या जागेवर पुढे कोहिनूर सिटी उभी राहिली. बोरिवलीत टाटा स्टीलची सुमारे २५ एकर जमीन २०१४ साली ओबेरॉय रिअल्टीने ११५५ कोटींना घेतली आणि तिथे मनोरे उठले. हे व्यवहार अर्थविषयक पानांवर येतात. त्यांची कथा अजून कुणी लिहिलेली नाही.

कामानी ट्यूब्जचेच घ्या. कुर्ल्याचा हा कारखाना मालकांनी डबघाईला आणला, आणि १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने कामगारांनी तो स्वतःच चालवायला घेतला. मुंबईत कामगार मालक झाला! काही वर्षे हा प्रयोग चालला, मग तोही बुडाला. एवढे नाट्य ज्यात आहे, आशा, हिशेब, आपसातले संशय, पुन्हा पराभव, त्यावर मराठीत गाजलेले एखादे नाटक नाही, कादंबरी नाही. रस्त्यावर मात्र 'कामानी' हे नाव टिकले. रिक्षावाले अजून 'कामानी, कामानी' असे ओरडून उतारू गोळा करतात. त्यांच्यातल्या अनेकांनी कामानीचे फाटक पाहिलेलेही नाही.

घाटकोपरला तर साहित्याचा दावा सांगता येईल असा वारसा आहे. अण्णा भाऊ साठे चिरागनगरच्या झोपडीत अनेक वर्षे राहिले. त्यांच्या एका कथासंग्रहाचे नावच 'चिरागनगरची भुतं' आहे. लाल बावटा कलापथकात त्यांच्या खांद्याला खांदा लावून गाणारे अमर शेख म्हणजे बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल. पुढे गिरणी संपाचे नेतृत्व करणारे दत्ता सामंत हे मुळात घाटकोपरच्या पंतनगरातले डॉक्टर. खाणीतल्या दगडफोड्या कामगारांच्या जखमा बांधता बांधता ते युनियनमध्ये आले. म्हणजे गिरणगावाचा जो शेवटचा मोठा अध्याय, त्याचा नायक म्हणा की खलनायक, उपनगराने घडवला. तरी चिरागनगरचे अण्णा भाऊ आपण 'फकिरा' साठी वाचतो, वारणाकाठासाठी वाचतो, घाटकोपरसाठी वाचत नाही.

आता आमचे म्हणणे. उपनगरी कामगाराला, आणि विशेषतः मुसलमान कामगाराला, हे शहर आवडले ते त्याच्या सणांमुळे किंवा चाळीमुळे आवडले असे आम्हांला वाटत नाही. परभणीहून, आझमगडहून, रत्नागिरीहून आलेल्या माणसाला चाळ मिळालीच नाही; त्याला टेकडीच्या उतारावर पत्र्याची खोली मिळाली, पाण्यासाठी खाली यावे लागले. त्याला शहर आवडले ते फाटकावरच्या टोकनामुळे. टोकनावर आकडा होता. त्या आकड्याला पाळी विचारली जात होती, हजेरी विचारली जात होती, वशिलाही विचारला जात होता. पण एकदा हजेरीपटावर चढल्यावर जमात रोज नव्याने विचारली जात नव्हती. आठ तास तरी नाव मागे राहत होते.

कारखाना म्हणजे समतेचे मंदिर होता असे आम्ही म्हणत नाही. गिरण्यांच्या विणाई खात्यात सूत तोंडाने ओढावे लागते म्हणून दलितांना तिथे प्रवेश नव्हता, आणि हा प्रश्न १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. त्याच विणाई खात्यात मोमीन विणकर मात्र हक्काने उभा होता. म्हणजे आमच्या वाट्याला आलेल्या त्या हक्काला दुसऱ्याच्या वगळण्याची किनार होती. कारखान्याचे गोडवे गाताना हे विसरता येणार नाही. तरीही टोकनाने जे दिले ते पुढे कुणी दिले नाही, हेही खरेच.

कारखाना गेल्यावर त्या जमिनीवर फ्लॅट आले, आणि फ्लॅटला सगळ्यात आधी नाव लागते. फोनवर जागा मोकळी असते, नाव सांगितल्यावर ती कालच गेलेली असते. कुठे 'मांसाहारी चालणार नाही' एवढे पुरते. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने झोरास्ट्रियन सोसायटीच्या खटल्यात सहकारी गृहसंस्थेला सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवण्याची मुभा मान्य केली. म्हणजे दार बंद ठेवायला कायद्याची कडीही मिळाली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे ९०० माणसे मेली, त्यांतली ५७५ मुसलमान. त्यानंतर मिश्र वस्त्यांतून कितीतरी कुटुंबे मुंब्र्याला गेली. बाप ज्या कारखान्यात तीस वर्षे आत-बाहेर करीत होता, त्याच जमिनीवरच्या इमारतीत मुलाला पैसे असूनही भाड्याने खोली मिळत नाही. या शहराविषयीची आमची नाराजी इथून सुरू होते. तिचा मॉलशी फारसा संबंध नाही. मॉलमध्ये तरी नाव न सांगता शिरता येते, आणि आमची पोरे शिरतात, वातानुकूलित हवेत दोन तास बसून येतात. मॉलला शिव्या घालणाऱ्या ललित लेखकांनी हे एकदा पाहावे.

ही सगळी तक्रार प्रस्थापित मराठीच्या दारात टाकून मोकळे होणे सोपे आहे. मुस्लिम मराठी साहित्याची चळवळ १९९० च्या सोलापूर संमेलनापासून उभी राहिली. सोलापूर हेही गिरण्यांचेच गाव. तरी आपल्या कथेत आणि कवितेत प्रामुख्याने खेडे आले, तलाकपीडित स्त्री आली, दंगल आली, संशयाच्या नजरा आल्या. हे सारे यायलाच हवे होते. हमीद दलवाई यांची 'इंधन' कोकणातल्या गावात घडते आणि तिथेच ती अस्सल आहे. पण फिटर, टर्नर, वेल्डर, पॅकर, पाळी बदलून साकीनाक्याला जाणारी बाई, संप फुटल्यावर गावाकडच्या शेतीत परत न मावणारा माणूस, हे आपल्या साहित्यात कुठे आहेत? मुसलमान हा आपल्या लेखनात पीडित म्हणून येतो, प्रश्न म्हणून येतो. कामगार म्हणून क्वचित येतो. त्याच्या हातातले कौशल्य, त्याचा पगार, त्याची युनियनची पावती, फोरमनशी झालेले भांडण, यांना आपण साहित्यद्रव्य मानलेले नाही. त्यामुळे शहरावरचा आपला राग आपल्याकडे लिहिलेला आहे, प्रेम मात्र लिहिलेले नाही.

गिरणगावाचे नशीब असे की मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी तिथल्या माणसांना बोलते करून २००४ साली त्यांच्या तोंडचा इतिहास ग्रंथरूपात आणला. आग्रा रोडवरच्या पिढीला तसे कुणी विचारलेले नाही. प्रीमियरमध्ये, कामानीत तरुण वयात लागलेली माणसे आता सत्तरीच्या पुढे आहेत. कुर्ल्याच्या, घाटकोपरच्या मशिदींच्या ओट्यांवर असरनंतर ती बसलेली असतात. पद्मिनीचे दार नीट बसण्यासाठी बिजागरीला किती आणि कुठे ठोकायचे हे त्यांच्यातला एखादा अजून हाताने दाखवतो, आणि ते दाखवताना तो जी भाषा बोलतो ती दाऊदचाचाची आहे.