पोच कोणाची, पोचले काय?

मानकोली नाक्यावरून नाशिककडे निघाले की रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोदामांच्या रांगा लागतात. भिवंडी तालुक्याची जुनी ओळख यंत्रमागाची. गेल्या काही दशकांत तिला गोदामांची जोड मिळाली. येथे ट्रक लागला की बिल्टी पाहतात, नग मोजतात, फुटतूट असेल तर पावतीवर शेरा मारतात आणि मगच सही करतात. 'माल निघाला' आणि 'माल पोचला' ही दोन वेगळी वाक्ये आहेत, हे येथे काम करणाऱ्या कोणालाही शिकवावे लागत नाही.

याच परिसरातल्या शाळांकडेही वर्षभर एक माल येत असतो. तो म्हणजे परिपत्रके, आदेश आणि सूचना. पूर्वी त्या टपालाने येत, आता भ्रमणध्वनीवर येतात. एका प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापकांनी आम्हांला आपली टपालाची फाइल आणि भ्रमणध्वनीवर साठलेल्या सूचना मोकळ्या मनाने दाखविल्या. आम्ही संशोधन संस्थेत काम करणारी माणसे; प्रयोगाची नोंदवही वाचावी तशी ती फाइल आम्ही वाचली. त्यातील पैसा, साधने आणि प्रशिक्षण या तीन विषयांवरच्या मजकुराचे परीक्षण येथे करावयाचे आहे. कोणा अधिकाऱ्याला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. परिपत्रक हाही वाचकासाठी लिहिलेला मजकूर असतो आणि म्हणून त्याचीही समीक्षा व्हावयास हवी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

पैसा

सर्व शिक्षा अभियानात प्रत्येक शिक्षकाला साधनांसाठी वर्षाला ५०० रुपये मिळत. रक्कम लहान होती, पण ती शिक्षकाच्या नावाची होती. २०१८ मध्ये समग्र शिक्षा योजना आली आणि शाळेसाठी पटानुसार एकत्रित अनुदानाची पद्धत सुरू झाली. ३१ ते १०० पटाच्या शाळेला २५ हजार रुपये, १०१ ते २५० पटाच्या शाळेला ५० हजार रुपये, असे तिचे स्वरूप आहे. नादुरुस्त वस्तू बदलणे, वीजबिल, पाणी, इंटरनेट, खेळाचे साहित्य, प्रयोगाचे साहित्य, शैक्षणिक साधने हे सारे त्यातूनच भागवावयाचे. किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेसाठी राखून ठेवलेली असते.

साठ मुलांच्या शाळेचा हिशेब करून पाहू. २५ हजारांतून स्वच्छतेचे अडीच हजार वजा जाता साडेबावीस हजार उरतात. महिन्याला १८७५ रुपये, किंवा मुलामागे वर्षाला ३७५ रुपये. वीजबिल थकले तर जोडणी तुटते. भिंगे आणली नाहीत तर काहीच तुटत नाही, निदान तुटल्याचे दिसत नाही. म्हणून पहिला पैसा बिलाला जातो. अनुदान एकत्र करण्यामागे शाळेला निर्णयाचे स्वातंत्र्य मिळावे हा विचार आहे आणि तो चांगला आहे. परंतु स्वच्छतेचा हिस्सा राखला आणि साधनांचा राखला नाही, यातून कोणती गोष्ट टाळता येण्याजोगी मानली गेली, हे आपोआप कळते.

फाइलमधील अनुदानविषयक मजकुराचा भर एकाच गोष्टीवर आढळला: उपयोगिता प्रमाणपत्र अमुक तारखेपर्यंत सादर करावे. पैसे कोणत्या महिन्यात मिळतील, उशीर झाल्यास कोणाला विचारावे, याविषयी त्यात एक ओळही नव्हती. खर्चाची शेवटची तारीख छापलेली आहे, जमेची पहिली तारीख नाही. असा हिशेब मानकोलीतील कोणताही व्यापारी परत पाठवील.

साधने

१९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर १९८७ मध्ये खडू-फळा मोहीम सुरू झाली. प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि आवश्यक साहित्य देण्याचे तिने ठरविले. त्या साहित्यात विज्ञानपेटी आणि गणितपेटीही होती. देशाने प्राथमिक शाळेला विज्ञानाची साधने देण्याचे ठरवावे ही मोठीच गोष्ट होती. पण या साहित्याच्या वापरावर भर देणारा शिक्षकांचा विशेष उद्बोधन कार्यक्रम १९९३-९४ मध्ये सुरू झाला. पेटीची मोहीम आधी आणि ती उघडण्याची शिकवण सहा वर्षांनी, असा तो क्रम होता.

आज पेट्या बदलल्या आहेत, क्रम फारसा बदललेला नाही. वर उल्लेखिलेल्या शाळेत आम्ही कपाट उघडून पाहण्याची परवानगी मागितली. भिंगे मूळच्या कागदातच होती. कोरडे विद्युतघट फुटून त्यांतील लगदा बाहेर आला होता. असे होणारच, कारण त्या घटाचे जस्ताचे कवच हेच त्याचे ऋण अग्र असते आणि ते झिजत जाते. पोलादी पट्टीचुंबकांना टाचणीही धड उचलता येत नव्हती. शाळेतील बाईंनी विचारले, "आम्ही कधी वापरलेसुद्धा नाहीत, मग यांची शक्ती गेली कुठे?"

प्रश्न उत्तम होता. दोन चुंबक सजातीय ध्रुव शेजारी येतील असे ठेवले, तर एकाचे क्षेत्र दुसऱ्याला सतत विरोध करीत राहते आणि दोन्ही हळूहळू दुबळे होतात. विजातीय ध्रुव शेजारी ठेवून दोन्ही टोकांना मऊ लोखंडाची पट्टी लावली तर ते टिकतात. ही दोन वाक्ये पेटीच्या झाकणावर छापण्यास कितीसा खर्च आला असता? पण पेटीबरोबर आलेल्या कागदावर नगांची यादी होती आणि खाली सहीची जागा होती.

साहित्य कपाटात का राहते, याचेही उत्तर बाईंनी दिले. वस्तू जडवस्तुसंग्रह नोंदवहीत चढली की ती फुटल्यास निर्लेखनाचा प्रस्ताव पाठवावा लागतो. त्यापेक्षा ती न वापरणे सोपे! ज्या व्यवस्थेत फुटलेल्या परीक्षानळीचा जाब द्यावा लागतो आणि न वापरलेल्या परीक्षानळीचा द्यावा लागत नाही, तेथे परीक्षानळी नवी कोरीच राहणार. आमच्या प्रयोगशाळेत काचसामान फुटते, म्हणजेच काम चालू आहे असे आम्ही समजतो.

प्रशिक्षण

प्रशिक्षण राज्याकडून जिल्ह्याला, तेथून तालुक्याला, मग केंद्राला आणि शेवटी शाळेला असे उतरते. समजा, प्रत्येक पायरीवर आशयाचा पाचवा हिस्सा गळतो आणि चार हिस्से पुढे जातात. हे आम्ही उदाहरणादाखल धरले आहे. चार पायऱ्यांनंतर ०.८ चा चौथा घात, म्हणजे सुमारे ४१ टक्के उरतात. सुलभक कितीही मनापासून काम करणारा असला तरी गुणाकार कोणाला चुकत नाही.

ही गळती टाळण्यास तंत्रज्ञान उपयोगी पडावे अशी अपेक्षा होती. २०१७ मध्ये 'दीक्षा' हे व्यासपीठ आले. २०१९ मध्ये सुमारे ४२ लाख शिक्षकांसाठी 'निष्ठा' कार्यक्रम जाहीर झाला आणि साथीच्या काळात, २०२० मध्ये, तो 'दीक्षा'वर नेण्यात आला. प्राथमिक स्तरासाठी त्याचे १८ घटक होते. आशय मूळ रूपात प्रत्येकापर्यंत जाऊ लागला, हा खरा लाभ. मात्र पडद्याला प्रश्न विचारता येत नाही. ज्या बाईंना चुंबकाविषयी शंका होती, त्यांच्याजवळ प्रमाणपत्रे होती. शंका तेवढी शिल्लक होती.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असे म्हटले आहे, आणि ते शिक्षकाच्या स्वतःच्या आवडीनुसार असावेत असेही म्हटले आहे. आम्ही पाहिलेल्या सूचनांत ५० हा आकडा ठळक होता, आवडीचा उल्लेख कोठेही नव्हता. धोरणाचा अर्धा भाग खाली येताना गळून पडला. वर सांगितलेल्या गुणाकाराचे याहून चांगले उदाहरण आम्हांला सापडले नसते.

उलट दिशेने

हे असेच असावे लागते का? आपला इतिहास तसे सांगत नाही. सरकारी शिक्षणखात्याचे 'शालापत्रक' कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या संपादनाखाली निघत असे. विष्णुशास्त्र्यांचे संस्कृत कवींवरील निबंध त्याच पत्रकात प्रथम आले. सरकारने १८७५ मध्ये ते बंद केले ही गोष्ट खरी. पण तोपर्यंत शिक्षक हा विचार करणारा वाचक आहे असे ते धरून चालत होते.

ठाणे जिल्ह्याचेच दुसरे उदाहरण. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला (हा भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे) शिंपले, बिया, पाने यांतून शैक्षणिक साधने उभी केली. त्यांची साधने भोवतालातून निघाली, पेटीतून आली नाहीत.

तिसरे उदाहरण शेजारच्या मध्य प्रदेशातील. होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ मध्ये १६ शाळांत सुरू झाला आणि २००२ मध्ये शासनाने तो थांबविला. त्यात शिक्षक दर महिन्याला एकत्र जमत, कोणता प्रयोग फसला ते सांगत आणि त्यावरून पुढचे काम ठरे. आमच्या मते त्या कार्यक्रमाचा प्राण पेटीत नव्हता, या बैठकीत होता.

आणि चौथे उदाहरण त्याच शाळेतले. बाईंनी नाक्यावरच्या गोदामांतून टाकून दिलेला पन्हळी पुठ्ठा आणला. दोन सारख्या डब्यांत सारखेच गरम पाणी घेतले, एक डबा पुठ्ठ्याने गुंडाळला, आणि मुलांकडून दर पाच मिनिटांनी दोहोंचे तापमान मोजून आलेख काढून घेतला. पुठ्ठ्याच्या पन्हळींत अडकलेली हवा उष्णता सहजी जाऊ देत नाही, हे मुलांनी दोन रेषांच्या उतारांवरून सांगितले. वर्गात कामासाठी दुसऱ्या प्रांतांतून आलेल्या कुटुंबांची मुले होती. त्यांना मराठी वाक्य अडत होते, आलेख अडला नाही. हा प्रयोग शेजारच्या शाळेला कळला का? नाही. तो कळविण्यासाठी कोणत्याही तक्त्यात रकाना नव्हता.

आमचा मुख्य आक्षेप हाच आहे. माहिती वरून खाली येते, खालून वर फक्त आकडे जातात. ज्या यंत्रणेला आपल्या कृतीचा परिणाम कळत नाही तिला आपली चूकही कळत नाही. विज्ञानात अशा यंत्रणेवर आम्ही विश्वास ठेवीत नाही.

उपाय फार मोठे नाहीत. प्रत्येक परिपत्रकात काय मिळणार, किती, कधी आणि न मिळाल्यास कोणाला विचारावे, ही चार उत्तरे असावीत. एकत्रित अनुदानात साधनांचा लहानसा का होईना, राखीव हिस्सा असावा. फुटणाऱ्या आणि संपणाऱ्या वस्तू जडवस्तूंत धरू नयेत. केंद्राच्या शिक्षण परिषदेत अर्धा तास फसलेल्या प्रयोगांसाठी आणि न सुटलेल्या शंकांसाठी ठेवावा, आणि त्यांची उत्तरे पुढच्या परिषदेत वाचून दाखवावीत. त्यासाठी आमच्यासारख्यांना बोलावले तर आम्ही येऊ.

तोपर्यंत एक गोष्ट शिक्षकांच्या हाती आहे. पुढच्या वेळी पेटी येईल तेव्हा निव्वळ सही करू नये. गोदामात करतात तसा शेरा मारावा: नग मिळाले, दोन चुंबक निकामी, वापरासाठी एक दिवसाचे मार्गदर्शन हवे. आणि त्या कागदाची एक प्रत आपल्याजवळ ठेवावी.