आत्ताच्या आठवणी

'स्ट्रेंजर थिंग्ज' ही नेटफ्लिक्सवरची मालिका २०१६ साली सुरू झाली आणि २०२५ सरता सरता संपली. पाच पर्वं झाली. तिच्याविषयी लिहिणारे बहुतेक जण ऐंशीच्या दशकातल्या सायकली, गाणी, व्हिडिओ गेम यांविषयी लिहितात, नाहीतर इलेव्हन या अचाट शक्तीच्या मुलीविषयी. मला लिहायचं आहे विल बायर्सविषयी. पहिल्याच भागात नाहीसा होणारा, सापडल्यावरही पुरता परत न आलेला हा मुलगा. खलनायकाचं मन आणि त्याच्या कोवळ्या शिकारीचं मन एकमेकांना जोडलेलं असणं, ही भयकथेतली जुनी युक्ती. दुसऱ्या पर्वानं (२०१७) ती जितक्या गांभीर्यानं घेतली तितकी टीव्हीवर मी क्वचितच पाहिली आहे. पुढच्या पर्वांनी हे हातचं घालवलं, असं माझं मत आहे. मी भाषांतरं करते, त्यामुळे हे घालवणं मला आधी वाक्यांच्या पातळीवर दिसलं.

मालिका न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात. इंडियाना राज्यातलं हॉकिन्स हे काल्पनिक गाव, नोव्हेंबर १९८३. विलला एक प्राणी गावाच्या उलट्या, कुजक्या प्रतिरूपात ओढून नेतो. पर्वाच्या शेवटी आई जॉइस आणि पोलीसप्रमुख हॉपर त्याला जिवंत परत आणतात. वर्षभरानं, १९८४च्या शरदात, विलला आभाळभर पसरलेली एक सावली दिसू लागते. सरकारी प्रयोगशाळेतले डॉक्टर ओवेन्स आईला समजावतात, की घटनेला वर्ष होत आलं की असं होतंच, जुना धक्का वर येतो. आईचा मित्र बॉब भला माणूस आहे. लहानपणी स्वप्नात छळणाऱ्या विदूषकाला आपण एकदा ठामपणे 'चालता हो' म्हटलं आणि तो गेला, अशी गोष्ट तो विलला सांगतो. विल शाळेच्या मैदानात सावलीसमोर उभा राहून तेच करतो. सावली जात नाही. नाकातोंडातून, कानाडोळ्यांतून ती त्याच्यात शिरते.

बॉबचा सल्ला स्वप्नाला लागू पडला असता. ओवेन्सचं निदानही एखाद्या दुसऱ्या मुलाच्या बाबतीत अचूक ठरलं असतं. दोघांचं गृहीत एकच आहे: जे झालं ते होऊन गेलं, आता उरली आहे ती फक्त आठवण. विल चौथ्या भागात आईला जे सांगू पाहतो ते नेमकं याच्या उलट आहे. डोक्यात आठवणी वाढताहेत, पण त्या मागच्या नाहीत, आत्ता घडताहेत, आणि त्या आपल्या नाहीत, 'त्या'च्या आहेत. यासाठी तो इंग्रजीत दोन शब्द जोडून एक शब्द करतो. मराठीत मी त्याला 'आत्ताच्या आठवणी' म्हणेन. लहान मुलाच्या तोंडी शोभेल असा तो साधा शब्द आहे, आणि डॉक्टरांचं सगळं निदान खोडून काढतो.

हे वाक्य मराठीत आणताना एक गंमत होते. इंग्रजीत आठवणारा माणूस वाक्याचा कर्ता असतो. आपल्याकडे 'मला आठवतं'. तसंच मला भीती वाटते, मला थंडी वाजते. माणूस चतुर्थीत बसलेला असतो आणि आठवण, भीती, थंडी बाहेरून त्याच्याकडे येतात. ज्या अवस्थेसाठी विलला इंग्रजीत नवा शब्द घडवावा लागतो ती आपल्या रोजच्या व्याकरणात अर्धीअधिक आहेच. उचकी लागली की कोणीतरी आठवण काढतंय असं आपण म्हणतो. दूरच्या माणसाचं मन आपल्या शरीरात उमटतं, हे आपण पाण्याच्या घोटाबरोबर मान्य केलेलं आहे. म्हणून मराठी भाषांतरात या प्रसंगातली भीती कमी होण्याचा धोका आहे. 'मला आठवतं' हे फार सहज वाटतं. तिथे सगळा भार 'त्याला' या शब्दावर टाकावा लागेल. आई अंघोळीसाठी गरम पाणी काढते तेव्हा विल नकार देतो, कारण त्याला गार आवडतं. 'मला' नव्हे, 'त्याला'. त्या पर्वातलं सर्वांत भयंकर वाक्य मला हेच वाटतं, आणि ते न्हाणीघरात उच्चारलं जातं.

इथे आणखी एक अडचण. मुलं त्या गोष्टीला आधी सावलीचा राक्षस म्हणतात. मराठीत सावली स्त्रीलिंगी, राक्षस पुल्लिंगी. इंग्रजीत निर्जीव सर्वनामावरून विल 'तो'वर सरकतो, ते सरकणं कळलं पाहिजे. मी सुरुवातीला 'ते' वापरेन, 'ते आलं, ते मोठं होतं', आणि गार पाण्याच्या प्रसंगापासून 'तो'. झपाटणे हे क्रियापद मात्र टाळेन. १९९३च्या 'झपाटलेला'नंतर तो शब्द उच्चारला की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर तात्या विंचू उभा राहतो, आणि मग विलचं काही खरं नाही. उरतं 'अंगात येणे'. त्यात सप्तमी आहे: अंग ही जागा, येणारा कर्ता, आणि ज्याचं अंग तो वाक्यात जेमतेम षष्ठीपुरता. हे पर्वाच्या शेवटाकडे कामी येईल.

शब्द पुरत नाहीत तेव्हा आई विलच्या हाती कागद आणि खडू देते. तो चित्रं काढत सुटतो, कागदाला कागद जोडत घरभर वेली पसरतात, आणि पुढच्या भागात बॉबला कळतं की हा गावाचा नकाशा आहे. या प्रसंगाचं कौतुक झालं आहे आणि ते रास्त आहे. पण त्यात एक बदल गुपचूप घडतो. विल आईला स्वतःला काय होतंय ते सांगत होता. मोठ्यांना त्यातून मिळतं ते ठिकाण. इथून पुढे मुलगा रुग्ण कमी आणि यंत्र जास्त होतो. त्याला कुठे दुखतंय यावरून शत्रू कुठे आहे ते कळतं. भुयारातल्या वेली सैनिक जाळतात आणि विल जमिनीवर कोसळून तडफडतो.

सहाव्या भागाचं नावच 'हेर' आहे. विलची स्वतःची स्मृती पुसट होत चालली आहे, ओळखीची माणसं त्याला ओळखू येत नाहीत. तो एका जागेवर बोट ठेवतो, सैनिक तिथे उतरतात आणि मारले जातात. विल रडत सांगतो की मला माफ करा, त्यानं माझ्याकडून करवून घेतलं. इंग्रजीतलं ते वाक्य लहान मुलाच्या नेहमीच्या सबबीसारखं ऐकू येतं, शेजारच्या मुलानं मला करायला लावलं, तसं. मराठीतलं 'करवून घेणे' अधिक नेमकं आहे. करणारे हात माझे, करवणारा तो, आणि 'घेणे'मध्ये लाभ कोणाचा तेही सांगितलेलं. 'माझ्याकडून' हा शब्द मात्र तिथेच राहतो, तो कोणी काढू शकत नाही. तेरा वर्षांच्या मुलाच्या बोटानं माणसं मेली. थोड्याच वेळात त्याच प्रयोगशाळेत बॉबही मरतो.

विलची थोरली बहीण म्हणावी अशी व्यक्तिरेखा म्हणजे ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'तली (१८९७) मीना हार्कर. ड्रॅक्युला तिला बळजबरीनं आपलं रक्त पाजतो आणि दोघांची मनं जोडली जातात. पण मीना प्रौढ आहे, आणि सगळ्यांच्या रोजनिशा, पत्रं टंकलिखित करून त्यांची फाइल लावणारी तीच आहे. संमोहित करून माझ्या मनातून त्याचा माग काढा, हे ती स्वतः व्हॅन हेल्सिंगला सुचवते. तुमचे बेत मला सांगू नका, माझ्यातून ते त्याला कळतील, हेही तीच सांगते. दुवा दुतोंडी आहे हे तिनं ओळखलं आणि अटी तिनं घातल्या. विलला कोणी विचारत नाही. तो हेर झाला आहे हे त्याचा मित्र माइक ओळखतो, आणि त्यावर उपाय म्हणून विलला गुंगीचं औषध देऊन झोपवलं जातं. परिस्थितीत दुसरं काही शक्य नव्हतं, हे मला मान्य आहे. मालिकेला हे ठाऊक आहे की नाही, एवढाच प्रश्न होता.

ठाऊक होतं. पुरावा आठव्या भागात आहे. घराच्या शेडच्या भिंती आतून झाकून, जागा ओळखू येऊ नये अशी करून, विलला खुर्चीला बांधतात. त्याला काही विचारायचं नाही, त्यालाच काहीतरी सांगायचं असं ठरतं. आई म्हणते, बावीस मार्च म्हणजे काय माहीत आहे ना? तुझा वाढदिवस. मग आठव्या वाढदिवसाला दिलेल्या एकशे वीस रंगांच्या खडूपेटीची आठवण सांगते. भाऊ जोनाथन दोघांनी मिळून बांधलेल्या झोपडीची सांगतो, माइक बालवाडीतल्या झोपाळ्याची. म्हणजे 'त्या'च्या आत्ताच्या आठवणींवर उतारा विलच्या मागच्या आठवणींचा. विलचा चेहरा ढिम्म असतो, पण बोट खुर्चीवर टकटक करत असतं. हॉपरच्या लक्षात येतं की ही मोर्सची लिपी आहे. पहिला शब्द जुळतो: 'इथे'. मग दार बंद करण्याचा निरोप येतो. ज्याचं अंग फक्त जागा होऊन बसलं आहे त्याचा आतून आलेला पहिला शब्द स्थलवाचक असावा, हे पटकथेतलं मला सर्वांत आवडलेलं काम आहे. शिवाय सैनिकांकडे जागा दाखवणारंही बोटच होतं.

तिसऱ्या पर्वात (२०१९) सावली बिली या तरुणाला धरते आणि विलकडे उरतो मानेवरचा काटा. शत्रू आला की तो मानेला हात लावतो. चौथ्या पर्वात (२०२२) सावलीमागे एक माणूस असल्याचं कळतं, हेन्री क्रील, म्हणजे वेक्ना. त्याचं बालपण, घर, वडील, प्रयोगशाळा, सगळं तपशिलात. तो मुलांच्या मनातली जुनी लाज, जुना अपराध हेरून त्यांना मारतो. मॅक्सचा प्रसंग उत्तम आहे, त्यात वाद नाही. पण वेक्ना जुन्या जखमेवर जगतो, म्हणजे ओवेन्सचं निदान अखेर बरोबर ठरलं: सगळं भूतकाळातून येतं. विलचा 'आत्ताच्या आठवणी' हा शब्द मालिकेनं परत वापरायची गरजच ठेवली नाही. खलनायकाला चरित्र मिळालं आणि त्याच्या पहिल्या बळीला चार पर्वं झाली तरी आपण काय केलं, काय करवलं गेलं, याविषयी बोलायला एक प्रसंग मिळाला नाही.

एक तपशील सांगते. चौथ्या पर्वात एक दिवस येतो, २२ मार्च १९८६. कॅमेऱ्याच्या पडद्यावर तारीख दिसते. स्केटिंगला गेलेल्या मुलांत विल आहे. त्याचा वाढदिवस कोणाच्या लक्षात नाही, आईच्याही नाही. प्रेक्षकांना वाटलं हे मुद्दाम असेल, पुढे काही निघेल. काही निघालं नाही. डफर बंधूंनी नंतर मुलाखतीत कबूल केलं की तारीख त्यांच्याच ध्यानातून गेली होती. जुन्या भागातला महिना बदलावा, असाही विचार त्यांनी बोलून दाखवला. लिहिणाऱ्यांकडून असं होतं, त्याबद्दल मी त्यांना धारेवर धरणार नाही. पण ती तारीख साधी नव्हती. मुलाला त्याच्याच अंगात परत बोलावताना आईनं उच्चारलेली ती तारीख होती.

पाचव्या पर्वात विलला अखेर मध्यभागी आणलं आहे. दुवा दुतोंडी असल्याचा फायदा आता तो घेतो, वेक्नाचं बळ स्वतःकडे ओढून समोरचे प्राणी मोडून काढतो. पुढे तो आपल्या माणसांना एकत्र बसवून आपण समलिंगी आहोत हे सांगतो, कारण न सांगितलेली भीती वेक्नाच्या हातात शस्त्र होईल. हा दुसरा प्रसंग लांबला असल्याची तक्रार मी पुष्कळ ऐकली. माझी तशी तक्रार नाही. मुलाला स्वतः अटी घालता आल्या, मीनासारख्या, याचा मला आनंदच झाला. मात्र पहिल्या प्रसंगात त्याचे हात पुढे पसरतात, नाकातून रक्त येतं, प्रेक्षक टाळ्या वाजवतात, आणि 'त्या'चं आवडणं-नावडणं अंगात वागवण्याचा अनुभव एका क्षणात अस्त्र होऊन जातो. गार पाणी अजून आवडतं का, हे त्याला कोणी विचारत नाही.

दुसऱ्या पर्वाच्या अखेरीस विलनं बॉबचं एक चित्र काढलेलं दिसतं, महानायकाच्या वेशातलं. खाली नाव, बॉब न्यूबी. बॉबच्याच सल्ल्यावरून तो मैदानात उभा राहिला होता, आणि त्याच्याच बोटानं सुरू झालेल्या संहारात बॉब गेला. याविषयी विल एक शब्द बोलत नाही, कोणी त्याला बोलतं करत नाही. पुढच्या तीन पर्वांत ते चित्र कुठे लावलेलं असेल, हे मी प्रत्येक वेळी बायर्सांच्या घराच्या भिंतींवर शोधत बसते.