रक्त किती वाजता घेतलं?

माझे मामा विट्याजवळचे, गलाईवाले. खानापूर, आटपाडी, तासगाव, तिकडं खटाव-माण या भागातली कितीतरी माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी देशभर पांगलीत. मामा वीस वर्षं पूर्व उत्तर प्रदेशात होते. मी एमएस्सीला असताना ते यात्रेला गावी आले, तेव्हा उजवा पाय सुजत होता. तिकडं हत्तीरोग आहे हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून सकाळी अकरा वाजता एका लॅबमध्ये जाऊन स्वतःच रक्त देऊन आले. रिपोर्टमध्ये लिहिलेलं, मायक्रोफायलेरिया आढळले नाहीत.

"काय गं, हाय का न्हाय?"

मी कागद वाचला आणि म्हटलं, "न्हाय मामा, निगेटिव्ह हाय." ते निश्चिंत होऊन परत गेले. दोन वर्षांनी आले तेव्हा पायाला घोटा दिसत नव्हता.

रिपोर्ट खोटा नव्हता. अकरा वाजताच्या त्या थेंबात खरंच काही नसणार. चूक माझी होती. चाचणीला नेमका कोणता प्रश्न विचारला गेलाय, हे मी पाहिलंच नाही. आता पीएचडीसाठी शोधनिबंध वाचताना हीच चूक मला जागोजागी दिसते, म्हणून हे लिहितेय.

आधी वेळेचं बघू. हत्तीरोगाच्या जंताची पिल्लं माणसाच्या रक्तात असतात, हे 1872 मध्ये कलकत्त्यात टिमोथी लुईस यांनी दाखवलं. आपल्याकडच्या वुचेरेरिया बँक्रॉफ्टीची पिल्लं दिवसा फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री, डास चावायच्या वेळेला, बोटाच्या रक्तात येतात. म्हणून हिवताप विभागाची माणसं रात्री दारोदार फिरून रक्त घेतात. निबंधात 'रक्त तपासले' एवढंच असेल आणि वेळ दिलेली नसेल, तर त्यातल्या 'निगेटिव्ह'ला काही किंमत नाही.

यावर उपाय म्हणून अँटिजेन पट्टी आली. ती जिवंत प्रौढ जंतानं रक्तात सोडलेलं प्रथिन पकडते, त्यामुळं दिवसाही चालते. पण पाय वर्षानुवर्षं सुजलेल्या रुग्णात जंत बऱ्याचदा मरून गेलेला असतो. लसिकावाहिन्या बिघडलेल्याच राहतात, पट्टी मात्र कोरी येते. म्हणजे चाचणी निगेटिव्ह आणि रोग समोर उभा! तिथं डॉक्टरांनी पाय बघणं आणि 'कुठं राहत होता?' हे विचारणं, याला पर्याय नाही.

आता अँटीबॉडीकडं येऊ, कारण तुमच्यापैकी बहुतेकांचा प्रकल्प एलायझावर असणार आणि माझी मुख्य तक्रारही तिथंच आहे. जंतांच्या अँटीबॉडी चाचण्यांचा एक मोठा वापर युरोप-अमेरिकेत होतो, उष्ण प्रदेशातून परतलेल्या प्रवाशांसाठी. जन्मात कधी जंत न झालेला माणूस चार महिने आफ्रिकेत राहून आला आणि पॉझिटिव्ह निघाला, तर त्याला अर्थ आहे. आपण मात्र त्या 'उष्ण प्रदेशात'च जन्मलो. लहानपणी गोलकृमी झाला असेल, रानात अनवाणी फिरताना अंकुशकृमी शिरला असेल. या जंतांची प्रथिनं एकमेकांशी मिळतीजुळती असतात. जंताचा सरसकट अर्क वापरलेल्या एलायझाला एकाची अँटीबॉडी दुसऱ्याची वाटू शकते. शिवाय जंत गेल्यावरही ती बराच काळ टिकते. 'कधीतरी गाठ पडली होती' एवढंच ती सांगते आणि प्रबंधात त्याचं 'संसर्गाचे प्रमाण' होऊन बसतं.

गणितही करून बघा. आकडे समजण्यापुरते घेतलेत. चाचणी शंभर बाधितांपैकी 90 पकडते आणि शंभर निरोगी माणसांपैकी 5 जणांना चुकून पॉझिटिव्ह ठरवते. एका भागात हजारात 200 बाधित आहेत. तिथं 180 खरे आणि 40 खोटे पॉझिटिव्ह मिळतील, म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी 82 टक्के खरे. दुसऱ्या भागात हजारात 10 च बाधित असतील, तर खरे 9 आणि खोटे जवळपास 50. म्हणजे फक्त 15 टक्के खरे! किट तेच, रसायन तेच. गडचिरोलीतला पॉझिटिव्ह आणि साताऱ्यातला पॉझिटिव्ह एकाच मापानं मोजता येत नाही, तो यामुळं.

मग 'आपल्याकडं असतंच कुठं?' म्हणून पॉझिटिव्ह सोडून द्यायचा? तेही नाही. कराडहून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणच्या पुढं गुहागर तालुक्यात गिमवी गाव आहे. भारतात शिस्टोसोमा रुजलेला नाही असं मानलं जायचं, तेव्हा 1952 मध्ये गाडगीळ आणि शहा यांनी या गावातल्या रुग्णांबद्दल लिहिलं. त्यांच्या लघवीत त्या जंताची अंडी सापडली होती. तिथं पुरावा म्हणजे डोळ्यांना दिसलेलं अंडं होतं. दुर्मिळ गोष्ट सांगायची तर दुसरा, स्वतंत्र पुरावा शोधावा लागतो.

अँटीबॉडी निरुपयोगी आहे, असं माझं म्हणणं नाही. सहा-सात वर्षांच्या मुलात हत्तीरोगाची नेमकी अँटीबॉडी सापडली, तर गेल्या सहा-सात वर्षांत प्रसार चालू होता हे कळतं. साठीच्या माणसात तीच अँटीबॉडी एवढं सांगू शकत नाही. फरक फक्त प्रश्नाचा आहे.

तेव्हा तुमच्या प्रबंधाच्या तक्त्यात वय आणि लिंग यांच्यासोबत आणखी तीन रकाने आखा: रक्त किती वाजता घेतलं, माणूस आधी कुठं राहत होता, आणि पॉझिटिव्हची खातरजमा कशानं केली. गाइड म्हणतील, एवढं कशाला? तरी आखा.

मामा आता रोज साबणानं पाय धुतात, बोटांच्या बेचक्या कोरड्या करतात, रात्री उशीवर पाय ठेवून झोपतात. सूज वाढायची थांबलीय, पण पाय पहिल्यासारखा होणार नाही. ते मला कधी काही बोलले नाहीत. तो रिपोर्ट मी माझ्या फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवलाय. त्यावर वेळ लिहिलेली आहे, सकाळी 11.10. तेव्हाही लिहिलेली होती.